पुढची तारीख

माझ्या आयुष्यातल्या तारखा पंचांगाने कमी आणि पेनिसिलिनने जास्त ठरवल्या. चौथीत असताना घसा धरला, ताप आला, तो उतरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी गुडघे सुजले, आणि गुडघे ओसरेपर्यंत घोट्यांची पाळी आली. गावात सगळ्यांनी वात म्हणून तेलं सुचवली. कराडच्या डॉक्टरांनी मात्र छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि अण्णांना बाहेर नेलं. र्‍हुमॅटिक फीवर. घशातल्या जंतूंशी लढायला निघालेलं शरीर आपल्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर तुटून पडतं. सांधे पुढे सगळं विसरून जातात. झडप मात्र जाड होत राहते, तिच्या पाकळ्या कडेला चिकटतात, आणि हे इतकं सावकाश चालतं की तोवर माणसाची शाळा, कॉलेज, लग्न सगळं उरकलेलं असतं.

पुन्हा घसा धरून झडपेवर नवा घाव बसू नये, यासाठी दर २१ दिवसांनी पेनिड्युअर. आधी ६ लाख युनिट, अंग भरल्यावर १२ लाख. ज्यांनी ते घेतलंय त्यांना वेगळं सांगायला नको. पांढरं दाट औषध. बारीक सुईत अडकतं म्हणून सुईही जाड. कमरेत गेलं की तिथेच ठाण मांडून हळूहळू विरघळतं आणि तेवढे दिवस राखण करतं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या बाकावर मी एका अंगावर रेलून बसायची.

आई कालनिर्णयवर निळ्या शाईने गोल करून ठेवायची. २१ दिवस महिन्याच्या कुठल्याच हिशेबात बसत नाहीत. त्यामुळे तो गोल कधी संकष्टीवर यायचा, कधी सहामाहीच्या पेपरवर, एकदा तर थेट लक्ष्मीपूजनावर आला. आई म्हणाली, "लक्ष्मी संध्याकाळी येती, आपण सकाळी जाऊन येऊ." अण्णांची उसाची बिलं पुढे गेली, थोरल्या भावाचं लग्न पुढे गेलं, माझं इंजेक्शन कधी पुढे गेलं नाही. दवाखान्याने दिलेली तारीख म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हे तेव्हाच मनात पक्कं बसलं.

लग्नाच्या वेळी अण्णांनी कुणापासून काही लपवलं नाही. नकार आले. ज्या घरात शेवटी जमलं, तिथल्या आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, एवढंच म्हटलं, "आमच्या गावात सिस्टर हाय. ती टोचंल की." मुलीच्या वेळी सातव्या महिन्यात पायऱ्या चढताना धाप लागायला लागली. बाळंतपण निभावलं आणि पुढे मुंबईत बलून केला. जपानच्या डॉ. कांजी इनोउए यांनी १९८०च्या दशकात आणलेली ही युक्ती: मांडीच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत न्यायची आणि चिकटलेल्या झडपेत फुगा फुगवायचा, की पाकळ्या सुटतात. तोही ठरल्या दिवशी झाला. त्या फुग्यावर मी पुष्कळ वर्षं काढली, त्यात मुलगा झाला, जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांच्या कित्येक तुकड्या शिकवून झाल्या. मग ठोके बेताल झाले, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून एसिट्रॉम सुरू झालं आणि कालनिर्णयवर आयएनआर या रक्ततपासणीच्या तारखा चढल्या. निरोगी माणसाची ही झडप ४ ते ६ चौरस सेंटिमीटर उघडते. माझी १ च्या आत आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता बदलूया. बसवायची झडप तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत घडलेल्या बनावटीची, १९९० पासून माणसांच्या छातीत चालत आलेली.

पुण्याच्या एका रुग्णालयाने तारीख दिली. आत्यांनी पंचांग काढलं. अमावास्या नव्हती, तेवढ्यावर त्या थांबल्या.

अशा एका तारखेभोवती केवढं काय उभं राहतं! दाताच्या डॉक्टरांचं पत्र लागतं, कारण किडक्या दातातले जंतू नव्या झडपेवर जाऊन बसू शकतात. एसिट्रॉम काही दिवस आधी बंद, त्याच्या जागी हेपॅरिनची इंजेक्शनं. फुप्फुसांसाठी तीन चेंडूंचं ते प्लॅस्टिकचं यंत्र तोंडाला लावून श्वास ओढायचा. पुतण्याने गावाकडून जीप भरून पोरं आणली. ती रक्त देऊन, वडापाव खाऊन परत गेली. सुरतेहून भाऊ आला. मुख्याध्यापकांनी रजा मंजूर केली. आदल्या रात्री औषधी साबणाने आंघोळ, मंगळसूत्र आणि बांगड्या यांच्या खिशात, आणि मध्यरात्रीनंतर पाणीसुद्धा नाही.

आणि बोलणं. ते रुग्णालयाच्या कुठल्याच कागदावर नसतं, पण मी सगळ्यात जास्त तयारी त्याचीच केली. पाटल्या मुलीला, हे सांगितलं. ठेवींच्या पावत्या कुठल्या डब्यात आहेत ते मुलाला सांगितलं. जावेशी वाटणीपासूनचा अबोला होता. तिला फोन लावला आणि झालं गेलं गंगेला मिळालं म्हणून टाकलं. आमच्या यांना सांगितलं, की माझी बदली थांबावी म्हणून तुम्ही पंचायत समितीत किती खेटे घातलेत ते मला तेव्हाच कळलं होतं, बोलले नाही इतकंच. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

सकाळी माझा नंबर पहिला होता. अकरा वाजून गेले तरी कुणी न्यायला येईना. मग सिस्टर आली. "काकू, आज होणार नाही. चहा सांगू का?"

रात्री महाधमनी फाटलेला एक माणूस आणला होता. हृदयातून निघणाऱ्या त्या मोठ्या रक्तवाहिनीचं आतलं अस्तर फाटलं, की पहिले दोन दिवस दर तासागणिक मरणाची शक्यता एक-दोन टक्क्यांनी चढत जाते असं मानतात. सर्जन त्याच्यापाशी, हार्ट-लंग मशीन चालवणारे तंत्रज्ञ त्याच्यापाशी, आणि आयसीयूतली माझ्यासाठी राखलेली खाट त्याची. यात रागवायचं कुणावर? तरी मी रागावले. कुणीच अन्याय केलेला नसताना येणारा राग फार चमत्कारिक, त्याला पाठ टेकायला भिंत सापडत नाही. संध्याकाळी सर्जन आले, टोपीचा वळ कपाळावर तसाच. उभ्या-उभ्या म्हणाले, माणूस वाचेल असं वाटतंय, तुमचं काही आठवड्यांनी करू. मी चहा दोनदा घेतला.

भेटायला आलेल्या एक बाई म्हणाल्या, "देवानंच थांबवलं, काहीतरी चांगल्यासाठीच असणार." हे वाक्य मला मुळीच मानवत नाही. त्या माणसाची महाधमनी माझ्या चांगल्यासाठी फाटली नव्हती.

रक्ताचं काय झालं, हे पुतण्याने रक्तपेढीत विचारून घेतलं. तांबड्या पेशी फार तर ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम पाच, आणि पेढी कुणाच्या नावाने बाटली बाजूला ठेवत नाही. गट जुळेल आणि गरज पडेल त्याला देते. म्हणजे आमच्या पोरांचं रक्त त्या माणसालाच चढलं असण्याची दाट शक्यता. पुतण्या खूश. "काकू, मग तो आपला पावणाच की!"

घरी आल्यावर शरीराचं सोपं होतं. एसिट्रॉम पुन्हा सुरू, आयएनआर पुन्हा पहिल्यापासून, एसिट्रॉममुळे पालेभाजी मोजून खायची, ते तीन चेंडू रोज ओढायचे, फाटकापर्यंत चालायचं. डॉक्टरांकडून एक गोष्ट मी कागदावर लिहून घेतली: आडवं झाल्यावर दम लागला, पायांवर सूज आली, तर तारखेची वाट न बघता निघायचं. त्या कागदाने मला जेवढी झोप दिली तेवढी कुणाच्या धीराच्या शब्दांनी दिली नाही. शाळेतल्या क्लार्कपुढे मात्र पेच पडला. रजा शस्त्रक्रियेसाठी मंजूर, आणि शस्त्रक्रिया तर झालेली नाही. लोक शहाळी घेऊन येत आणि "कशी झाली?" विचारत. "झालीच नाही" म्हटल्यावर शहाळं द्यावं की न्यावं हे त्यांना कळेना.

अवघड होतं ते बोललेल्याचं. हेपॅरिन थांबवता येतं, बॅग रिकामी करता येते, आदल्या रात्रीचं बोलणं कुठे ठेवायचं? जाऊ रोज फोन करायला लागली, आणि आता तिच्याशी भांडायची सोय उरली नव्हती. हे काही दिवस माझ्याशी पाहुण्यासारखं अदबीने वागले. ज्यांनी माझं शेवटचं बोलणं ऐकून ठेवलंय अशा माणसांत बसून मी वरण-भात खात होते. निरोप देऊन गाडी चुकल्यावर फलाटावर परत त्याच माणसांसमोर उभं राहावं, तसं ते दिवस गेले.

डॉक्टर झालेल्या भाचीने त्याच दिवसांत मला या शस्त्रक्रियेचा इतिहास सांगितला. १९२५ साली लंडनमध्ये हेन्री सूटर यांनी एका मुलीची हीच झडप हृदयात बोट घालून मोकळी केली. मुलगी बरी झाली. तरीही त्यांच्याकडे त्यासाठी दुसरा रुग्ण कुणी पाठवलाच नाही, कारण दोष झडपेत नसून हृदयाच्या स्नायूत असतो, असं तेव्हाचे फिजिशियन धरून चालले होते. यशाची पुढची तारीख पडायला १९४८ उजाडलं. त्या वर्षी जूनमध्ये फिलाडेल्फियात चार्ल्स बेली यांनी एकाच दिवशी दोन वेगवेगळ्या रुग्णालयांत दोन शस्त्रक्रिया लावल्या. आधीचे रुग्ण दगावले होते. आता पहिला गेला तर बातमी पोचून दुसरी रद्द होण्याआधी ती उरकावी, हा हिशेब. पहिला गेला. दुसरी वाचली. या बेलींची मला आधी भीती वाटली. मग वाटलं, ती दुसरी बाई त्या सकाळी वाट बघत पडली असेल आणि तिला यातलं काहीच ठाऊक नसेल. माझ्या सिस्टरने निदान खरं सांगितलं होतं, आणि वर चहाही विचारला होता.

पुढची तारीख अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी होती. आत्यांनी यावेळी पंचांग काढलंच नाही.

आदल्या रात्री मुलगा खाटेपाशी बसला. जरा वेळाने म्हणाला, "आई, काही सांगायचंय?"

"मागच्या वेळचंच धर," मी म्हटलं. "पाटल्यांचं तेवढं बघू. त्या ताईने महिनाभर मला मेथी मोजून वाढलीय."