कातीव

मराठीत ‘कातणे’ या एकाच क्रियापदाला दोन अर्थ आहेत. चरख्यावर सूत काढणे हा एक. आणि फिरत्या लाकडाला हत्यार लावून त्याला गोल घाट देणे हा दुसरा. सूत कातणारा सर्वांच्या परिचयाचा आहे. लाकूड कातणाऱ्या ‘कातारी’चे नाव मात्र आता शब्दकोशातच पाहावे लागते. वास्तविक जुन्या वाड्यांचे कातीव खांब, पाळण्याचे गज, स्वयंपाकघरातले लाटणे ही सारी त्याच्याच हातची करणी. संस्कृत धातुपाठातही ‘कृत्’ धातू दोन अर्थांनी येतो. एकदा छेदणे, एकदा वेढणे. आमच्या घरची भाषा कोकणी. तिच्यात नारळ खवण्यालाही ‘कांतप’ म्हणतात. गुजराती बांधवांनी तर कातकामाच्या यंत्राला, म्हणजे ‘संघेडो’ला, भाषेत मानाचे स्थान दिले आहे. एखादी वस्तू अत्यंत घाटदार असली, की ते तिला ‘संघेडाउतार’ म्हणतात.

गोडादऱ्यात राहणाऱ्याला यांपैकी पहिला अर्थ शिकवावा लागत नाही. येथे धाग्याचेच राज्य आहे. धुळे, जळगाव, नंदुरबार या जिल्ह्यांतून आलेली किती तरी कुटुंबे मागांवर आणि कापडाच्या कारखान्यांत राबतात, आणि त्यांचीच मुले आमच्यापुढे बाकांवर बसतात. गेल्या वर्षी पालकसभा आटोपल्यावर एक पालक मागे थांबले. रविवारी आम्ही शाळेजवळच्या एका सुतारदादांच्या दुकानी लाकूड कातण्यास शिकतो, आणि आठवीतील काही मुले घासकामास येतात, हे त्यांच्या कानी गेले होते. ते म्हणाले, “गुरुजी, बारा बारा तास आम्ही यंत्रापुढे उभे राहतो, ते पोराने तसे उभे राहू नये म्हणून. तुम्ही त्याला पुन्हा यंत्रापुढेच नेता?” प्रश्न रागाचा नव्हता, काळजीचा होता. म्हणून त्याचे उत्तर घाईने देणे आम्हांस प्रशस्त वाटले नाही. “भाऊ, त्याचे काम पुरे झाले म्हणजे आपण बोलू,” इतकेच आम्ही म्हणालो.

इतर बहुतेक कामांत लाकूड स्थिर असते आणि हत्यार चालते. कातकामात लाकूड फिरते आणि हत्यार स्थिर धरावे लागते. विजेची मोटर येण्यापूर्वी कमानीची दोरी लाकडाला वेढून ते पुढेमागे फिरवीत. याच रीतीवर आपल्याकडे मोठमोठ्या कला पोसल्या गेल्या. गोव्यात कुंकळ्ळीचे चितारी आणि सावंतवाडीच्या चितारआळीतील कारागीर रंगीत लाकडी वस्तूंसाठी प्रसिद्ध आहेत. आपल्या गुजरातेत ओरसंग नदीकाठी संखेडा हे गाव आहे. तेथील खरादी सागवान कातून पाळणे, झोपाळे, खुर्च्या करतात. त्यांच्यावरील सोनेरी नक्षी सोन्याची नसते. ती कथलाची असते, आणि वर चढवलेल्या लाखेमुळे सोन्यासारखी दिसते. लाख चढवण्याची युक्तीही पाहण्यासारखी आहे. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पसरते. मग केवड्याचे पान दाबून तिला झळाळी आणतात. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर जगणाऱ्या किड्यापासून ही लाख मिळते.

आमचे काम अर्थात इतके थोर नाही. वाडगे आणि लेखण्या एवढीच त्याची मजल. पावसाळ्यात मोडून पडलेल्या आंब्याच्या फांदीपासून आम्ही आरंभ केला. ओले लाकूड कातण्यास मऊ असते, ढलप्या लांबच लांब निघतात, आणि नवशिक्याला वाटते की आजच वाडगा पुरा होईल. तसे होत नाही. लाकूड वाळताना आक्रसते, आणि तेही सर्व बाजूंनी सारखे नव्हे. वाढीच्या वलयांच्या दिशेने ते जितके आक्रसते, त्याच्या साधारण निम्मे गाभ्याकडून सालीकडे आक्रसते, आणि लांबीच्या दिशेने जवळजवळ मुळीच नाही. परिणामी आज गोल कातलेला वाडगा काही महिन्यांनी लंबगोल होतो. म्हणून जाणते कारागीर प्रथम तो जाड ठेवतात. व्यास बारा इंच असेल तर कड सुमारे सव्वा इंच, असा दहाव्या हिश्श्याचा हिशेब असतो. मग तो सावलीत वाळू देतात, आणि लाकूड हवे तितके वाकडे होऊन थांबले, की दुसऱ्यांदा कातून पातळ करतात. लाकडाला आधी आपला स्वभाव प्रकट करू द्यावा आणि मग घाट द्यावा, हे शहाणपण शिक्षकांनाही उपयोगी पडण्याजोगे आहे.

लेखणीचे काम लहान, पण अधिक नाजूक. पाऊण इंच जाडीच्या चौकोनी कांडीला लांबीच्या दिशेने भोक पाडावयाचे, आणि ते पाडताना गिरमिट वारंवार बाहेर काढून भुसा झाडावयाचा. नाही तर लाकूड तापून तडकते. भोकात पितळेची नळी चिकटवतात, ती सळईवर चढवतात आणि कातू लागतात. शेवटी टोकाशी लाकडाची जाडी एखादा मिलिमीटरच उरते. राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी याच विद्येने, लाकडाऐवजी एबोनाइट नावाचे कठीण रबर कातून, स्वदेशी फाउंटनपेन केले. गांधीजींनी १९३५ साली पत्र लिहून त्याची वाखाणणी केली होती.

सूत तुटले तर सांधता येते; कातताना गेलेले लाकूड मात्र परत येत नाही. म्हणून कातकाम हे मुख्यतः थांबण्याचे शास्त्र आहे. यंत्र थांबवून बोटाने पाहावे, मग पुन्हा पटाशी लावावी. सैल बाह्या किंवा ओढणी घेऊन यंत्राजवळ जाऊ नये, डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर पट्टी असावी, आणि यंत्र मोठ्यांनीच चालवावे हा आमच्या सुतारदादांचा दंडक आहे.

मुलांच्या वाट्यास येते ते घासण्याचे काम, आणि खरी परीक्षा तेथेच असते. १२० नंबरच्या काचकागदापासून १८०, २४०, ३२० असे चढत जावयाचे. मधला एक नंबर गाळला तर त्या क्षणी काही बिघडत नाही. तेल लावताच मात्र सारे ओरखडे उघडे पडतात. तेलही कोणतेही चालत नाही. खोबरेल कितीही दिवस ठेवले तरी सुकत नाही. जवसाचे तेल हवेशी संयोग पावून कठीण होते. मात्र त्या तेलाची फडकी चुरगळून ठेवू नयेत. आतल्या आत तापून ती आपोआप पेट घेऊ शकतात. ती पसरूनच वाळवावीत.

१९३७ च्या ऑक्टोबरात वर्धा येथे भरलेल्या शिक्षणपरिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण देण्याचा विचार मांडला, आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याची योजना आखली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांनी दप्तराविना दहा दिवस सुतार, माळी, कुंभार यांच्याजवळ शिकावे असे सुचवले आहे. मुलांनी कातारी व्हावे असे आम्ही म्हणत नाही. त्या धंद्यावर घर चालवणे आज किती अवघड आहे हे आम्ही जाणतो. तथापि यंत्रापुढे उभे राहण्याचेही दोन प्रकार आहेत. एकात यंत्र माणसाची गती ठरवते. दुसऱ्यात केव्हा थांबावे हे माणूस ठरवतो. हा भेद हातांना एकदा कळला, की तो पुस्तक वाचतानाही उपयोगी पडतो.

दिवाळीनंतरच्या सभेस ते पालक पुन्हा आले. त्यांच्या मुलाने चार रविवार घासलेला आंब्याचा वाडगा मेजावर होता. आम्हांस तो निर्दोष वाटला होता. त्यांनी तो उचलला, डोळे किंचित मिटले, आतल्या बाजूने अंगठा फिरवला आणि एका जागी थांबून म्हणाले, “येथे एक ओरखडा राहिला आहे.” आम्ही वाडगा उजेडात धरला, केसाएवढी रेघ खरोखरच होती. हजारो धाग्यांतून तुटलेला एक धागा शोधण्यात ज्यांची वीस वर्षे गेली, त्या बोटांपासून ती सुटली नाही. मुलगा वडिलांच्या हाताकडे पाहत राहिला. मग त्याने विचारले, “बाबा, कोठे? मला दाखवा ना.” वडिलांनी त्याचा अंगठा धरून त्या जागेवर ठेवला.

आमच्याकडून उत्तर देण्याचे राहूनच गेले, आणि त्यांनीही ते मागितले नाही. विद्यार्थी मित्रहो, तुमच्या प्रत्येकाच्या घरी असे ज्ञानी हात आहेत. ते काय जाणतात, हे त्यांना एकदा विचारून पाहा.