पत्रिकेतलं बालपण

चि. मुक्तास,


दहावीच्या बॅचच्या मेळाव्याची पत्रिका वाचली. वर घातलेला तुकोबांचा अभंग काढ, असं मी म्हणेन. त्यांनी देवाकडे मागितलेलं लहानपण म्हणजे चिंचा-बोरांचे दिवस नव्हेत, नम्रपण आहे. मोठेपणाला मार फार, म्हणून तर पुढे मुंगी आणि ऐरावत येतात. पण मेळाव्यांच्या पत्रिकांत त्या बिचाऱ्या मुंगीची चौकशी कोण करतो?

आणि आत सगळीकडे ‘रम्य बालपण’! ‘बालपणी मी झाडावरून पडले,’ असं घरात बोललीस तर तुझी आईच हसेल. आपण लहानपणी म्हणतो, आणि त्या लहानपणाचा वयाशी संबंध बेताचाच. साठी उलटलेल्या तुझ्या मामाला ‘लहान आहे तो’ म्हणून आम्ही अजून सांभाळून घेतो. तुझी आई थोरली. पाठीवर भाऊ आला त्या दिवशी ती मोठी झाली, नीट बोलतही नव्हती तेव्हा. आजी तर ‘लहानपणीच लग्न झालं’ हे अगदी सहज सांगायची. मुलीला 14 वर्षं पुरी हवीत, हा शारदा कायदा 1929 चा. तिच्या मांडवात त्याची कुणाला आठवण झाली नाही.

तुमच्या धारूरकडच्या शाळेत दिवाळीनंतर बाक रिकामे व्हायचे, आठवतं ना? ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता, पोरं बरोबर. बाप ऊस तोडणार, आई मोळ्या बांधणार. मग कोपीवर तान्ह्याला कोण बघणार? दहा वर्षांची बहीण. परत येईपर्यंत परीक्षा तोंडावर. असं दोन-तीन वर्षं झालं की पोरीचं नाव पटावरून जायचं. चौदा वर्षांपर्यंत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा 2009 साली झाला, तुमच्यानंतर. तो आल्यावरही ऊस थांबला नाही.

पत्रिका तू ग्रुपवर टाकशील. त्यात दहावीपर्यंत पोचलेलेच असणार. तुझ्या शेजारी बसणारी, सातवीत शाळा सुटलेली ती मुलगी आठव. गावात कुणाकडे तरी तिचा नंबर असेलच. मात्र मेळावा डिसेंबरात ठेवलायस, तेव्हा ती फडात असेल. मे महिन्यात ठेव, गाळप संपून कारखान्यांचे पट्टे पडल्यावर. हॉलही स्वस्तात मिळेल.

तुझी,
मावशी