आधी गोळीवर संशय घ्या

महिनाभर खोकणारा माणूस समोर आला की छातीला नळी लावण्याआधी मी विचारतो, बीपीची गोळी कुठली चालू आहे? बहुतेकांना नाव ठाऊक नसतं. "ती बारीक, पांढरी" एवढंच उत्तर. मग घरून पाकीट मागवायचं. नावाचा शेवट 'प्रिल' असा असेल, म्हणजे रॅमिप्रिल, एनालाप्रिल किंवा लिसिनोप्रिल, तर खोकल्याचा उगम बहुधा त्या पाकिटातच असतो.

या औषधांचं कूळ सापाच्या विषातलं. ब्राझीलमधल्या जराराका या विषारी सापाच्या विषावरच्या अभ्यासातून कॅप्टोप्रिल घडलं आणि १९८१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. रक्तवाहिन्या आवळणारं द्रव्य ज्या एन्झाइममुळे तयार होतं, ते एन्झाइम ही औषधं अडवतात. पण ब्रॅडिकायनिन नावाच्या दुसऱ्या एका द्रव्याचा निचराही तेच एन्झाइम करत असतं. तो थांबला की ब्रॅडिकायनिन साचतं आणि घशात खवखव सुरू होते. शंभरातल्या साधारण दहा जणांना कोरडा खोकला लागतो, बायकांना जास्त. काहींना आठवड्यात, काहींना कित्येक महिन्यांनी, आणि तेव्हा गोळीवर कुणाचाच संशय जात नाही.

माझ्याकडे आलेल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंच्या पिशवीत तीन प्रकारची सिरपं होती. एक्स-रे झाला होता, थुंकीची तपासणीही. (दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आपल्याकडे ती करायलाच हवी, त्याबद्दल माझी तक्रार नाही.) सगळं नॉर्मल. गोळी बदलून टेल्मिसार्टन दिली, सिरपं बंद केली. असा खोकला साधारण महिनाभरात जातो, क्वचित तीन महिने रेंगाळतो. बाईंचा गेला.

त्याहून फसवी अ‍ॅम्लोडिपिन या बीपीच्याच दुसऱ्या गोळीची सूज. रक्तवाहिन्या सैलावतात, पाणी झिरपतं, संध्याकाळी घोटे सुजतात. ते पाहून कुणी लघवीची गोळी देतो. ही सूज तिने फारशी उतरत नाही, पण युरिक अ‍ॅसिड वाढू शकतं. अंगठा ठणकला की पेनकिलर, आणि पेनकिलरने बीपी पुन्हा वर! १९९७ मध्ये रोशॉन आणि गुर्विट्झ यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अशा साखळीवर लिहिलं, तेव्हापासून ती आम्हा डॉक्टरांना पाठ आहे. तरी ओपीडीच्या गर्दीत ती रोज नव्याने जुळते. पेशंट एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे जातो आणि जुनी गोळी घरीच राहते, हे त्याचं मुख्य कारण.

दुसरं टोक म्हणजे "गोळ्या गरम पडल्या" म्हणून परस्पर बंद करणारे. डॉक्टर रागावतील म्हणून सांगतही नाहीत. आम्ही रागावतो, हे खरं आहे. ती आमची खोड. पण बीपीचं मेटोप्रोलोल एकदम सोडलं तर छातीत दुखू शकतं, फिट्सची गोळी सोडली तर फिट येऊ शकते, आणि बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड अचानक तोडणं जिवावर बेतू शकतं. डायबेटिसच्या मेटफॉर्मिनने पोट बिघडलं तर मात्र घाबरायचं कारण नाही. ती जेवणाबरोबर, कमी डोसपासून सुरू केली की बहुतेकांना सोसते.

डॉक्टरांच्या फोनची वाट न पाहता हॉस्पिटल गाठायचं ते ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर. 'प्रिल' गटात हे वर्षांनंतरही घडतं. तसंच नव्या औषधानंतर ताप येऊन तोंडात फोड आले, कातडी सुटू लागली तर. फिट्सची काही औषधं, सल्फा आणि अ‍ॅलोप्युरिनॉल यांच्याबाबत हे विशेष लक्षात ठेवा. अशा वेळी पुढचा डोस घेऊ नका आणि पाकीट बरोबर न्या.

औषध बाजारात येण्याआधी जेमतेम काही हजार लोकांवर तपासलेलं असतं. दहा हजारांत एकाला होणारा त्रास तिथे दिसेलच असं नाही. तो तुमच्या-आमच्या घरात दिसतो. म्हणून गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे अशा त्रासाची नोंद होते. ती पेशंटलाही करता येते, फॉर्म मराठीतही आहे. नवी गोळी सुरू कराल त्या दिवशी पाकिटावर तारीख लिहा, आणि त्रास झाला तर डॉक्टरांना सांगून १८००-१८०-३०२४ या टोल-फ्री नंबरवरही कळवा.