चकली, उलटी आणि खंबाटकी घाट

कुत्र्याचं पिल्लू घरी आलं की पहिल्याच दिवशी मोबाइलमध्ये चाळीस-पन्नास फोटो जमा होतात. लोळणारं पिल्लू, बुटात तोंड खुपसून झोपलेलं पिल्लू, नवऱ्याच्या लॅपटॉपवर पंजा ठेवून 'वर्क फ्रॉम होम' करणारं पिल्लू. या फोटोंवर येणारे बदाम मोजता मोजता दोन गोष्टी मात्र आपण कोणालाच सांगत नाही. एक, हे गोंडस पिल्लू गाडीत बसलं की उलट्या करतं. आणि दोन, ते काय काय खातं! दुसऱ्या गोष्टीबद्दल तर नवरा-बायकोही आपसात दबक्या आवाजात बोलतात. न जाणो, भिंतीपलीकडच्या काकूंनी ऐकलं तर?

तर मंडळी, आज मी बोलणार आहे. हातातला चहा संपवा आणि मगच पुढे वाचा.

चकली आमच्याकडे आली तेव्हा जेमतेम दोन महिन्यांची होती. पुण्यातल्या एका बांधकामाच्या साइटवर सापडलेल्या चार पिल्लांपैकी ही एक. अस्सल देशी, बदामी रंगाची, आणि शेपटीला असा गोल वेढा की नाव शोधायला दोन मिनिटंही लागली नाहीत. ज्या ताईंनी ही पिल्लं सांभाळली होती, त्यांनी आमची एखाद्या स्थळासारखी चौकशी केली. घर स्वतःचं की भाड्याचं? दोघंही नोकरी करता, मग दिवसा कोण असतं? आणि गावाला जाता तेव्हा काय कराल?

इथेच आमचं घोडं पेंड खात होतं. माझे आई-बाबा साताऱ्याला. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आई एकटी कुठे कुठे पुरी पडणार? मला भावंडं नाहीत. त्यामुळे दर दुसऱ्या शुक्रवारी ऑफिस सुटलं की आम्ही थेट सातारा गाठायचो. ही फेरी चुकवणं शक्यच नव्हतं. चकलीच्या लसी पूर्ण होईपर्यंत तिला कुठे बोर्डिंगला ठेवता येणार नव्हतं. आणि नंतर तरी महिन्यातून दोनदा परक्या पिंजऱ्यात टाकायला कुत्रा आणायचा कशाला? म्हणजे चकलीला गाडी सोसायलाच हवी होती.

नवऱ्याने सरळ हिशोब मांडला. "तीन महिने बघू. तिला प्रवास झेपलाच नाही, तर ताईंना दुसरं घर बघायला सांगू. तेव्हा रडायचं नाही."

मी मान हलवली. तीन महिन्यांना. रडण्याबद्दल मी काहीच कबूल केलं नव्हतं.

बोगद्याच्या अलीकडेच

पहिल्या शुक्रवारी वारजेहून बायपासला लागलो. मागच्या सीटवर मी, माझ्या शेजारी टॉवेल घातलेल्या बास्केटमध्ये चकली. तिने आधी ओठ चाटले. मग एक जांभई. मग आणखी एक. मग तोंडातून लाळेची लांब तार. आणि कात्रजचा नवा बोगदा यायच्या आत दुपारचं सगळं जेवण टॉवेलवर! मी टिश्यूचं पाकीट फोडेपर्यंत बाईसाहेबांनी तेच जेवण पुन्हा जेवायला सुरुवातही केली होती.

"ईऽऽऽ!"

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"तू पुढे बघून चालव!"

सातारा येईपर्यंत हा कार्यक्रम आणखी तीनदा झाला. पुण्याहून सातारा म्हणजे ११० किलोमीटरच्या आसपास, पण त्या रात्री ते मला कन्याकुमारीइतकं लांब वाटलं. दारात आईने आमच्याकडे बघून नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "अगं, हिला गाडी लागते. तुलाही एसटी लागायची की. आलेपाक दे."

आलेपाक दिला नाही. सोमवारी डॉक्टर गाठले. त्यांनी सांगितलं ते ऐकून मला चकलीची दया आली. पिल्लांच्या कानाच्या आत तोल सांभाळणारी जी यंत्रणा असते, ती अजून पुरती तयार झालेली नसते. त्यामुळे मोठ्या कुत्र्यांपेक्षा पिल्लांना गाडी जास्त लागते, आणि बरीचशी पिल्लं वर्षभराची होईपर्यंत त्यातून बाहेर पडतात. ओठ चाटणं, जांभया, लाळ, थरथर ही सगळी मळमळीची पूर्वसूचना. त्यात भीतीची भर. चकली आयुष्यात पहिल्यांदा गाडीत बसली ती आईपासून, भावंडांपासून दूर जाताना. गाडी म्हणजे काहीतरी भयंकर, हे तिच्या डोक्यात बसलं तर नवल काय?

आणि ते पुन्हा खाणं? "लांडग्यांमध्ये मोठी जनावरं अर्धवट पचलेलं अन्न ओकून पिल्लांना भरवतात. काही कुत्र्याही भरवतात," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "तिच्या लेखी तुम्ही गरमागरम वाढलेलं ताट ओढून घेताय."

डॉक्टरांनी जो कोर्स लावून दिला तो असा. निघायच्या आधी तीन-चार तास खाणं बंद, पाणी चालेल. बास्केट सीटबेल्टने घट्ट बांधायची, म्हणजे वळणावर ती घरंगळणार नाही. काच बोटभर खाली, आतली हवा थंड, आणि कारमधला तो लिंबाच्या वासाचा डबा आधी फेकून द्यायचा. माणसांच्या उलटीच्या गोळ्या आपल्या मनाने अजिबात द्यायच्या नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडीशी तिची नव्याने ओळख करून द्यायची.

मग काय! रोज संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये आमची सहल निघायची. आधी चार दिवस बंद गाडीत नुसतं बसायचं, चिकनचा तुकडा खायचा, उतरायचं. पुढचे चार दिवस इंजिन चालू, पण गाडी जागची हलायची नाही. मग गेटपर्यंत. मग कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत. वॉचमनकाका दोन दिवस गप्प बसले. तिसऱ्या दिवशी न राहवून विचारलं, "मॅडम, गाडी बिघडलीय का? ढकलू?"

फरक मैलाच्या दगडांवर मोजता यायला लागला. दुसऱ्या फेरीत आम्ही खेड शिवापूरचा टोलनाका कोरड्या टॉवेलने ओलांडला. तिसऱ्या फेरीत नीरा नदी. चौथ्या फेरीत शिरवळही गेलं आणि आम्ही एकमेकांना टाळ्या देतोय तोच खंबाटकी घाट लागला. तिसऱ्या वळणावर सगळं संपलं.

डबीतला ऐवज

एव्हाना दुसरी आघाडीही उघडली होती. चकली शी खायची. स्वतःची खायचीच, पण सोसायटीच्या मागच्या बाजूला मांजरांनी केलेली असेल तर मेजवानीच! आणि मग हौसेने येऊन आपलं तोंड चाटायला बघायची.

शेजारच्या काकूंचा सल्ला तयार होता. "नाक घासा तिचं त्यात, परत नाही खाणार." डॉक्टरांनी हे साफ धुडकावलं. शिक्षा झाली की पिल्लाला एवढंच कळतं, की शी दिसली की मालक चिडतो. मग ते पुरावा आणखी घाईने गिळून टाकतं! शिवाय कुत्री आपल्या तान्ह्या पिल्लांना चाटून स्वच्छ करते, त्यांची शी स्वतः खाते. पिल्लं ते बघतच वाढतात. पण कधी कधी कारण पोटात असतं. जंत, अपुरं पचन, कमी पडणारं खाणं. म्हणून आधी तपासणी.

तपासणी म्हणजे, ताजी शी डबीत घालून दवाखान्यात नेऊन द्यायची. साडेनऊची मीटिंग गाठायची होती. पर्सच्या एका कप्प्यात ऑफिसचं आयकार्ड, दुसऱ्या कप्प्यात ती डबी, आणि सिग्नलला शेजारच्या स्कूटरवाल्याने पत्ता विचारला तेव्हा चेहऱ्यावर अत्यंत कॉर्पोरेट स्माइल. रिपोर्टमध्ये जंत निघाले. औषध सुरू झालं, पुढच्या डोसच्या तारखा कॅलेंडरवर लागल्या. मांजरांच्या बाजूला जाणं बंद, कारण दुसऱ्या जनावरांच्या विष्ठेतून जंत परत येतात. आणि लसी अपुऱ्या असलेल्या पिल्लाला कुत्र्यांच्या विष्ठेतून पार्वोसारखा जीवघेणा आजारही होऊ शकतो. हे ऐकल्यावर 'ईऽऽऽ' मागे पडलं, तिथे सरळ भीती आली.

बाकी उपाय साधे होते. तिने शी केली की दोन सेकंदांत उचलायची. तिच्याआधी! 'सोड' हा शब्द शिकवायचा. तोंडातली वस्तू सोडली की त्याहून चविष्ट काहीतरी द्यायचं. नवरा रात्री अकरा वाजता खाली 'सोड, सोड!' असं ओरडायचा तेव्हा पहिल्या मजल्यावरचे दिवे लागायचे. जेवण अधाशासारखं गिळायची, त्यावर माझा शोध म्हणजे इडलीपात्र. एकेका साच्यात थोडं थोडं खाणं घातलं की चाटून चाटून खायला दहा मिनिटं लागतात. पूर्वी चाळीस सेकंदांत खेळ खल्लास व्हायचा.

याच काळात मी भरपूर वाचलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसमधल्या बेंजामिन हार्ट आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली या 'शी-खाऊ' कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात १६ टक्के कुत्री वारंवार शी खाणारी निघाली. त्यांच्या आहाराशी किंवा घरातल्या शिस्तीशी त्याचा संबंध लागला नाही. बहुतेक कुत्री दोन दिवसांच्या आतली ताजीच पसंत करतात. आणि ही सवय सोडवण्यासाठी बाजारात मिळणाऱ्या पावडरी-गोळ्यांचा यशाचा आकडा? दोन टक्क्यांच्या आत! हार्ट यांचा अंदाज असा, की विष्ठेतले जंत धोकादायक व्हायच्या आत ती संपवून गुहा स्वच्छ ठेवायची ही लांडग्यांपासून आलेली खोड असावी. म्हणजे आमची चकली घाणेरडी नव्हती. ती घर झाडत होती.

गच्चीवरचा प्रश्न

हे सगळं मला पटलं होतं. पण आईला कोण पटवणार? खंबाटकीत उलटी झाली त्याच चौथ्या फेरीत, शनिवारी सकाळी, चकलीने आईच्या अंगणात, तुळशीपासून चार फुटांवर आपला प्रताप दाखवला. केलं आणि खाल्लंही. आई एक अक्षर बोलली नाही. तिने फक्त तीन बादल्या पाणी ओतून अंगण धुतलं. आईचं न बोलणं काय असतं ते मला विचारा.

रात्री गच्चीवर नवरा म्हणाला, "ताईंना फोन करायचा का?"

समोर अजिंक्यतारा काळाकभिन्न दिसत होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं. इकडे बाबा, तिकडे चकली, यातून निवड करायची वेळ आली तर ती कशी होणार हे दोघांनाही ठाऊक होतं. मी म्हटलं, "अजून पाच आठवडे आहेत."

त्या पाच आठवड्यांत दोन गोष्टी झाल्या. चकलीला चार महिने पूर्ण झाले आणि डॉक्टरांनी तिच्या वजनाप्रमाणे मॅरोपिटंट नावाचं औषध लिहून दिलं. निघायच्या दोन तास आधी, अगदी घासभर खाण्यासोबत. रोजची पार्किंगमधली तालीम चालूच होती. पाचव्या फेरीत खंबाटकीची सगळी वळणं संपली, वेळे आलं, आनेवाडीचा टोलनाका आला, आणि मागे चकली चक्क घोरत होती! नवऱ्याने काही न बोलता गाडी बाजूला घेतली आणि दोन मिनिटं स्टीअरिंगवर डोकं ठेवून बसला. रडायचं नाही म्हणे!

दुसरी गोष्ट बाबांनी केली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं आणि बाबा रोज नवं कारण काढत होते. त्या शनिवारी ते काठी घेऊन उठले, म्हणाले, "हिच्या मागे कोणीतरी लक्ष ठेवायला हवं ना? द्या इकडे पट्टा." लांब दांड्याची सुपली त्यांनी स्वतःच बनवून घेतली होती. वाकायला नको म्हणून. नवरा बरोबर होताच, पण पट्टा आणि सुपली दोन्ही बाबांकडे. गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. चकलीच्या आधी सुपली पोचवायची, ही त्यांना शर्यतच वाटायला लागली होती. दुपारी आईने माळ्यावरून जुनं इडलीपात्र काढलं, घासलं आणि म्हणाली, "हे हिचं. आमच्यात मिसळायचं नाही."

तुम्ही पिल्लू आणायच्या विचारात असाल, तर जरूर आणा. फक्त पहिल्या सहा महिन्यांचा वेळ आणि संयम बाजूला काढून ठेवा. उलटी असो की शी, पिल्लू ते आपल्याला छळायला करत नसतं. आधी डॉक्टर, मग सराव, आणि मग वाट बघणं, याला शॉर्टकट नाही.

चकली आता दीड वर्षाची आहे. औषध केव्हाच सुटलं. मांजरांकडे ढुंकूनही बघत नाही. साताऱ्याला शेळ्यांचा कळप गेला की मात्र रस्त्यावरच्या लेंड्या तिला शेंगदाण्यांसारख्या दिसतात आणि 'सोड' हा शब्द तिने कधी ऐकलेलाच नसतो. तेवढं राहिलंय.

बाबांचा फोन अजूनही दर दुसऱ्या शुक्रवारी साडेचारला येतो. पूर्वी विचारायचे, "तुम्ही दोघं किती वाजता निघताय?" हल्ली विचारतात, "दुपारपासून तिला काही खायला दिलं नाहीस ना?"