घट्टे

माझा आवाज मोठा आहे, ही ख्याती मी कष्टाने मिळवलेली आहे. २२ वर्षे पत्र्याखालच्या वर्गात शिकवते आहे. पत्र्यावर सरी वाजू लागल्या, की पावसाची आणि माझी चढाओढ लागते. ‘बाईंचा आवाज एस्टी स्टँडपर्यंत जातो,’ असे पालक म्हणत आणि मी ते कौतुक समजून घेत असे.

गेल्या वर्षी माझ्या एका कादंबरीचे ध्वनिमुद्रण करायचे ठरले आणि ती लेखिकेनेच वाचावी अशी टूम निघाली. मॅट्रिकवर थांबलेल्या मास्तरीणबाईला पुण्याच्या स्टुडिओत बोलावणे! कडक इस्त्रीची साडी नेसून गेले. बांगड्या तर उतराव्या लागल्याच, पण त्या यंत्राला साडीची सळसळसुद्धा ऐकू येत होती.

तालीम द्यायला एक गृहस्थ होते. आयुष्य नभोवाणीवर आणि डबिंगमध्ये गेलेले. मी पहिले पान वाचले. काचेपलीकडून हात वर झाला.

“बाई, ऐकणारा शेवटच्या बाकावर नाही हो. वीतभर अंतरावर आहे.”

मी आवाज उतरवला, तो थेट कुजबुजीवर आला. “कुजबुजू नका, त्यानेही गळा आवळतो.” मी खाकरले. “खाकरू नका, स्वरतंतू एकमेकांवर आपटतात. घोटभर पाणी प्या.” पाणी तिथवर पोचते का, असे मी विचारले, तर ते हसले. “पोचले तर ठसका लागेल! ते अन्ननलिकेतून जाते. पण अंगात पाणी असले, तर तंतूंचा ओलावा टिकतो. म्हणून सकाळपासून पीत राहायचे.”

बाईमाणसाचे स्वरतंतू बोलताना सेकंदाला सुमारे २०० वेळा एकमेकांना भिडतात, हे तिथेच कळले. मी गणिताची बाई, हिशेब मांडलाच. ३५ मिनिटांच्या तासाला, सूर न तुटता, ४ लाख २० हजार! हे गृहस्थ किंकाळ्यांचे, मारामारीचे प्रसंग दिवसाच्या शेवटी घेत. आधी घेतले तर पुढे गळा साथ देत नाही. मी तर प्रार्थनेच्या रांगा लावताना किंकाळीनेच दिवस उघडते.

तिसऱ्या प्रकरणात आजारी आई रात्री मुलीशी दोन वाक्ये बोलते, शेजारी निजलेल्या माणसांना जाग येऊ नये अशा बेताने. ती आई माझीच आहे. ती दोन वाक्ये मला येईनात. कधी नुसती हवा निघे, कधी एकदम वर्गातला आवाज. नऊदा प्रयत्न केला. गृहस्थ काही बोलले नाहीत. निघताना म्हणाले, “३ आठवड्यांवर घोगरा राहिलेला आवाज घशाच्या डॉक्टरांना दाखवावा.” माझा ३ वर्षे तसाच होता.

डॉक्टरांनी नाकातून बारीक नळी घातली आणि पडद्यावर दाखवले: दोन पांढऱ्या पट्ट्या आणि त्यांवर समोरासमोर दोन उंचवटे. लाकूड फोडणाऱ्याच्या तळहाताला पडतात तसे घट्टे. बोलण्याची रीत बदलली तर बहुधा जातील, म्हणाले. शाळेत मी गळ्यात अडकवायचा लहानसा ध्वनिक्षेपक मागितला. “बाई, तुम्हाला?” असे म्हणून साहेब मनापासून हसले.

कादंबरी अखेर एका तरुण नटीने वाचली. परवा रात्री तिसरे प्रकरण लावले. त्या मुलीने ती दोन वाक्ये इतकी हळू म्हटली होती, की मला उठून पंखा बंद करावा लागला.