लॉक निघेल, डेटा जाईल

नगरला माळीवाडा स्टँडच्या आसपास मोबाइल दुरुस्तीच्या कोणत्याही दुकानात लॉक पडलेला टॅब काउंटरवर ठेवा, उत्तर एकच मिळतं. "लॉक निघेल, डेटा जाईल." सांगणारा हातातल्या कामावरून मानही वर करत नाही. त्याच्या लेखी ते एकच काम असतं. आमच्या लेखी ती दोन कामं होती, आणि २०२५ चा अख्खा मे महिना मी त्या दोन कामांच्या मधे अडकलेलो होतो.

टॅब अण्णांचा. अण्णा, म्हणजे माझे वडील, नेवासे तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर गुरुजी होते. कोरोनात शाळा बंद पडल्या तेव्हा मुलांना अभ्यास पाठवायला म्हणून त्यांनी तो पदरच्या पैशाने घेतला. पुढे ते निवृत्त झाले आणि टॅब पावसाच्या कामाला लागला.

पाऊस मोजणं हा अण्णांचा जुना नाद. हिवरे बाजारला दरवर्षी पडलेला पाऊस मोजून गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडतात, हे त्यांनी पोपटराव पवारांच्या भाषणात ऐकलं आणि घोडेगावच्या अलीकडे आमच्या वस्तीवर पर्जन्यमापक बसवला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, हे त्यांनी किती पोरांकडून घोकून घेतलं असेल! आकडे आधी वह्यांमध्ये असत. टॅब आल्यावर ते नोट्समध्ये लिहू लागले, जुन्या वह्यांच्या पानांचे फोटोही काढून ठेवले.

नाद म्हणून सोडून द्यावं, तर या आकड्यांना गावात किंमत आहे. सरकारी पाऊस मोजला जातो महसूल मंडळाच्या ठिकाणी, आणि आमच्याकडे पाऊस रस्त्याच्या अलीकडे पडतो आणि पलीकडे पडत नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये पावसाने दडी मारली, तेव्हा एकवीस दिवसांचा खंड भरला की नाही यावर पीकविम्याची आगाऊ पंचवीस टक्के भरपाई अवलंबून होती. अण्णांचे आकडे विमा कंपनी थोडेच धरणार! तरी लोक संध्याकाळी येऊन विचारायचे, "गुरुजी, आपल्याकडं किती झाला?" भांडायला निघालेल्या माणसाला हातात काहीतरी लागतं.

तर, पिन. बरीच वर्षं तो १९७२ होता. दुष्काळाचं साल, त्या पिढीच्या माणसाला ते विसरताच येत नाही. अडचण एवढीच की ते नातवंडांनाही पाठ झालं होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि पोरांच्या सुट्ट्या एकाच वेळी आल्या. आपण डोळा झाकून पडलो की पोरं टॅबचा फडशा पाडणार, या धास्तीने अण्णांनी आदल्या रात्री पिन बदलला. कुठे लिहिला नाही, कारण लिहिलेलं पोरांना सापडतं. मग ऑपरेशन, काळा चष्मा, थेंब, "स्क्रीन बघू नका" ही ताकीद. तेवढ्या दिवसांत नवा पिन डोक्यातून साफ गेला.

निवृत्तीचं साल, जमिनीचा गट नंबर, जुन्या स्कूटरचा नंबर, सगळं घालून झालं. पाच आकडे चुकले की टॅब तीस सेकंद थांबायला लावतो, आणि तरीही चुकत राहिलात की तो थांबा वाढत जातो. अण्णा त्या थांब्यात डोळे मिटून बसत. पुण्याचा माझा भाचा फोनवर म्हणाला, "आयपॅड असता तर बदलल्यापासून बहात्तर तासांत जुना पासकोड चालला असता." ही सोय आयपॅडला २०२३ मध्ये आली. आमचा टॅब अँड्रॉइडचा आणि बहात्तर तास केव्हाच उलटलेले. यूट्यूबवर "डेटा न जाता लॉक तोडा" असे ढिगाने व्हिडिओ आहेत. त्यातले निम्मे शेवटी कुठलंतरी सॉफ्टवेअर विकत घ्यायला सांगतात आणि उरलेले शेवटी रिसेटच मारतात.

त्यात त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच सुरू झाला. पार मॉन्सूनसुद्धा २६ मे रोजी मुंबईत दाखल. अण्णांची घालमेल मला दिसत होती. उन्हाळी कांदा झाकायची सगळ्यांची धावपळ, आणि हे विचारतात, "टॅबचं काय झालं?"

शेवटी एका बोळातल्या दुकानात एक पोरगा भेटला, विशी-बाविशीतला. त्याने टॅब हातात घेऊन पहिला प्रश्न केला, "काका, तुम्हाला टॅब पाहिजे का आतलं पाहिजे?" इतक्या दुकानांत हे कुणी विचारलं नव्हतं. आतलं पाहिजे म्हटल्यावर त्याने समजावलं की या टॅबच्या आतल्या मेमरीत सगळं कुलूपबंद भाषेत लिहिलेलं असतं आणि त्याची किल्ली पिनशी बांधलेली असते. पिन गेला की ते वाचायला कंपनीलासुद्धा येत नाही. रिसेट मारला की किल्ली जाते, मग आत उरलेलं असून नसल्यासारखं. "म्हणून आधी बघायचं, तुमचं आतल्या मेमरीत काय आहे आन् बाहेर काय आहे."

त्याने सिमची सुई घेऊन टॅबच्या कडेचं बारीक झाकण काढलं. आतून नखाएवढं मेमरी कार्ड निघालं. ते कार्ड रीडरमध्ये घालून संगणकाला लावलं, आणि पडद्यावर अण्णांच्या वह्यांची पानं एकाखाली एक उघडली. निळ्या शाईतले आकडे, समासात "गारा", "वारा जास्त", एका पानावर चहाच्या कपाचा गोल डाग. कॅमेऱ्याचे फोटो कार्डावर जातील अशी सेटिंग कुणीतरी करून ठेवली होती, आणि कार्डाला पिनचं कुलूप लागत नाही. जुनी वर्षं सुटली.

आता राहिल्या नोट्स. त्या गूगलच्या ॲपमध्ये होत्या, म्हणजे जीमेल खात्यात त्यांची प्रत असणार. पण खात्याचा पासवर्ड? आपल्याकडे जीमेल माणूस काढत नाही, टॅब विकणारा दुकानदार काढून देतो. नाव तोच ठरवतो, पासवर्ड तोच टाकतो, आणि गिऱ्हाईक पेढे घेऊन घरी जातं. हे खेड्यापाड्यांत इतकं सर्रास चालतं की याला चूक म्हणायचीही सोय उरलेली नाही. ज्याने खातं काढून दिलं तो पोरगा दुकान सोडून चाकणला कंपनीत लागला होता.

खात्याला जोडलेला मोबाइल नंबर तेवढा चालू होता. अण्णांचा जुना नंबर, जो आता आईच्या बटणांच्या फोनमध्ये होता. दर महिन्याला त्यात रिचार्ज कशाला मारायचा, यावर घरात वाद झालेला मला आठवतो. बंद पडलेलं सिम काही महिन्यांनी दुसऱ्याच कुणाला तरी जातं, आणि मग ओटीपीही त्याच्याकडे जातो. वाद आई जिंकली होती ते बरं झालं.

मी दुकानातून पासवर्ड विसरल्याचं बटण दाबलं आणि आईला फोन लावला. आधी अमिताभच्या आवाजात सायबर फसवणुकीची ती लांबलचक सूचना वाजली, मग आई.

"आई, आत्ता तुझ्या फोनवर मेसेज येईल. त्यातले सहा आकडे वाच."

"कसले आकडे?"

"ओटीपी."

फोन कट. परत लावला, परत अमिताभ. या वेळी ती म्हणाली, "तू दुसऱ्याच्या नंबरावरनं का बोलतोस?" माझ्या फोनची बॅटरी संपली म्हणून मी त्या पोराच्या फोनवरून बोलत होतो. "ओटीपी कुणाला सांगायचा न्हाई. आवाज बी आता नकली काढत्यात." पुन्हा कट. पोरगा हसून लोटपोट. मला मात्र तिचं पटलंच. एवढी सावध माणसं घरोघरी असती तर १९३० वर तक्रारी करायची वेळ कमी जणांवर आली असती. शेवटी शेजारच्या वस्तीवरच्या चुलत्यांना फोन केला, ते सायकल हाणत गेले, त्यांनी मी खरोखर मीच असल्याची ग्वाही दिली, आणि आईने गच्चीवर रेंजमध्ये उभं राहून एकेक आकडा दमानं वाचला. तोवर पहिल्या कोडची मुदत संपली होती. दुसरा मागवला.

खातं उघडलं. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळपर्यंतच्या नोंदी जागच्या जागी होत्या.

मी म्हटलं, आता मार रिसेट. पोरगा म्हणाला, उद्या. नुकताच पासवर्ड बदललाय, चोवीस तास जाऊ द्यायचे, नाहीतर रिसेटनंतर टॅब खातं ओळखायला कुरकुर करतो. रिसेट झालेला अँड्रॉइड टॅब आधीचंच गूगल खातं मागतो. चोरलेला माल पुसून विकता येऊ नये म्हणून २०१५ पासून ही अट आहे. ती चुकवून देणारेही बाजारात आहेत. या पोराने मात्र बिल मागितलं आणि खोक्यावरचा नंबर टॅबच्या नंबराशी ताडून पाहिला. बिल अण्णांच्या ट्रंकेत, सातबाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर होतं. घोडेगावहून एसटीने येणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या हाती ते मागवलं.

दुसऱ्या दिवशी काम पाच मिनिटांचं होतं. पॉवर आणि आवाज वाढवायचं बटण एकत्र दाबून धरलं, काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी आल्या, त्यातली सगळं पुसायची ओळ निवडली. टॅब कोरा होऊन उठला, खातं मागितलं, दिलं. नोट्स एकेक करून परत उतरल्या. पोराने तीनशे रुपये घेतले.

गेलं ते असं: सहकाऱ्यांच्या निरोप समारंभाची काही ध्वनिमुद्रणं, कुणीतरी पाठवलेली भजनं, आणि पोरांच्या गेममधल्या सगळ्या पायऱ्या. रडलं ते फक्त धाकटं नातवंड.

टॅब घेऊन मी वस्तीवर गेलो तेव्हा अण्णांनी नव्या पिनचा विषयसुद्धा काढला नाही. तो आईला सांगून ठेवला होता म्हणे, आणि आईकडून काही काढून घेणं किती अवघड आहे हे मला नव्याने कळलेलंच होतं. त्यांना घाई होती मधल्या दिवसांच्या पावसाची. ते दवाखान्यात नि नंतर चष्म्याआड असताना आईने पर्जन्यमापक रिकामा करून आकडे भिंतीवरच्या कालनिर्णयात, त्या त्या तारखेच्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवले होते. अण्णा चष्मा वर करून ते उतरवू लागले आणि एका चौकोनावर अडले.

"हा किती वाजता मोजला?"

"दुपारी. धारा काढल्या, भाकरी केल्या, मग."

"दुपारी? पाऊस सकाळी साडेआठलाच मोजायचा असतो. आता हा कालचा धरायचा का आजचा?"

"दोन्ही दिवसांत निम्मा निम्मा टाका," आई म्हणाली.