मोठें घर आणि लहान घर

हिमालयांत जाऊन आलेल्या माणसानें बर्फाविषयीं बोलावें अशी शेजाऱ्यापाजाऱ्यांची अपेक्षा असते. आम्ही उभयतां २०२४ सालच्या आषाढांत लडाखच्या शाम ह्या भागांत पायीं हिंडून आलों. आजहि कोणी त्या प्रवासाविषयीं विचारलें कीं आम्हांस प्रथम आठवतें तें हिमशिखर नव्हे, तर एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानें पायानें लोटलेलें मातीचें ढेंकूळ. त्या ढेंकळाची हकीकत सांगावी म्हणून हा लेख.

पण आधीं घरचें सांगितलें पाहिजे. त्यावांचून पुढचें कळावयाचें नाहीं. छत्रपती संभाजीनगरांत पुंडलिकनगरमध्यें आमचें घर आहे. आम्ही शिक्षकाच्या नोकरींत असतांना, प्रॉव्हिडंट फंडांतून कर्ज काढून, एकेक खोली करीत तें बांधलें. त्यांत आम्ही दोघें, दोन मुलगे, दोन सुना आणि तीन नातवंडें अशीं नऊ माणसें राहतों. थोरल्या चिरंजीवांचें म्हणणें असें कीं, स्वयंपाकघर पाडून मोठें करावें, वर एक मजला चढवावा आणि पाण्यासाठीं जमिनीखालीं टांकी घ्यावी. आमचें म्हणणें असें कीं, आमच्या हयातींत ह्या घराच्या विटेला कोणी हात लावूं नये. दोन वर्षें हा वाद चालला. पुढें वाद थांबला आणि त्याच्या जागीं एक प्रकारची शांतता आली. ती वादापेक्षां वाईट होती. ताटें वेळेवर वाढलीं जात, औषधाची आठवण केली जाई. पण ‘बाबा, हें असें करूं का?’ हा प्रश्न घरांतून नाहींसा झाला होता. कपाटाच्या किल्ल्या आमच्या सौभाग्यवतींच्या कमरेला आणि घराचे कागद आमच्या पेटींत, अशी व्यवस्था होती.

पुंडलिकनगरांत राहणाऱ्याला पुंडलिकाची कथा निराळी सांगावी लागत नाहीं. आईबापांची सेवा चालली असतांना प्रत्यक्ष देव दारीं आला, तेव्हां त्यानें वीट पुढें सारून देवालाच थांबविलें. ती कथा आम्हीं मुलांना लहानपणीं कौतुकानें सांगितली. आणि कबूल करावयास हरकत नाहीं कीं, मुलें मोठीं झाल्यावर टोमणा म्हणूनहि सांगितली.

अशा दिवसांत लेहला नोकरीनिमित्त असलेल्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें आमंत्रण आलें. मुलांनीं ‘ह्या वयांत?’ असें विचारलें, आणि तेवढेंच आम्हांस निघण्यास पुरलें. खरें सांगावयाचें तर आम्ही हिमालय पाहण्यास गेलों नाहीं, रुसून गेलों.

संभाजीनगर समुद्रसपाटीपासून १,९०० फुटांच्या आंतबाहेर, तर लेह ११,५०० फुटांवर. दिल्लीहून विमान दीड तासांत तेथें नेऊन पोंचवितें, पण शरीर इतक्या लवकर तेथें पोंचत नाहीं. तेथील एका श्वासांत प्राणवायु समुद्रकांठच्या मानानें दोनतृतीयांशच मिळतो. पहिले दोन दिवस पडून राहावें, पाणी पीत राहावें, जिनासुद्धां सावकाश चढावा, असा तिकडचा नेम आहे. सौ.चें डोकें पहिल्या रात्रीं फार दुखलें. गोळी शोधतांना पिशवींत थोरल्यानें लिहून ठेवलेली चिठ्ठी सांपडली: कोणतें औषध केव्हां घ्यावें, दुखणें न थांबल्यास काय करावें, आणि शेवटीं ‘हट्ट न करतां खालीं यावें.’ आम्हीं ती वाचून पुन्हां घडी घालून ठेवली. त्या रात्रीं आम्हांस तींत काळजीपेक्षां हुकूमच अधिक दिसला.

चौथ्या दिवशीं आम्ही लिकीरला गेलों. आमचें चालणें तेथूनच सुरू व्हावयाचें होतें. लिकीरचा मठ टेकडीवर आहे. त्याची परंपरा अकराव्या शतकापर्यंत मागें नेतात, आणि १९९९ सालीं पुरी झालेली मैत्रेयाची ७५ फुटी बैठी मूर्ति दुरूनच दिसूं लागते. दुसऱ्या दिवशीं सकाळच्या प्रार्थनेला आम्ही दाराशीं बसलों. लांबट दालन, मध्यें वाट, आणि वाटेच्या दोहों बाजूंस थेट मूर्तीपर्यंत गेलेल्या बुटक्या बैठकांच्या ओळी. त्यांवर भिक्षू बसून पठण करीत होते, आणि आठदहा वर्षांचे दोन बालभिक्षू चहाच्या किटल्या घेऊन ओळींमधून लगबगीनें फिरत होते. तें पाहतांना आम्हांस एकाएकीं वेरूळचें ५ वें लेणें आठवलें. सुमारें ११७ फूट लांबीच्या त्या लेण्यांत जमिनीवर दोन लांबच लांब दगडी ओटे समांतर कोरलेले आहेत. गांवीं आलेल्या प्रत्येक पाहुण्यास तें दाखवून ‘येथें भिक्षू बसत’ असें आम्ही चाळीस वर्षें सांगत आलों. तें सारें पाठांतर होतें. अशा ओट्यांवर बसलेलीं माणसें आम्हीं लिकीरलाच प्रथम पाहिलीं.

आमच्यासारख्यांस विहार म्हणजे रिकामी जागा. अजिंठा, वेरूळ, आमच्या शहरामागचीं औरंगाबादचीं लेणीं, सर्वत्र खोल्या आहेत आणि राहणारा कोणी नाहीं. तिकडे मठ आणि गांव हीं एकाच संसाराचीं दोन अंगें आहेत. पूर्वीं घरटीं एक मुलगा मठास देण्याची चाल होती; धान्य घरांतून मठांत जाई, आणि जन्ममृत्यूच्या वेळीं भिक्षू मठांतून घरीं येत. आज मुलें कमी आणि शाळा अधिक झाल्यामुळें ती चाल सैल पडली आहे. तरी नातें तुटलेलें नाहीं.

लिकीरहून यांगथांग आणि तेथून हेमिस शुक्पाचन ही वाट तरुणांस फारशी अवघड नाहीं. आम्हांस मात्र पुष्कळ झाली. खिंडी बारा हजार फुटांच्या आंतबाहेर, म्हणजे आमच्या कळसूबाईच्या दुपटीहून अधिक. झाड नाहीं, सांवली नाहीं. उघडे पिंवळेजांभळे डोंगर आणि मध्येंच एखाद्या ओढ्याकांठीं जवाचा हिरवागार तुकडा. वाटेंत कोरीव अक्षरांच्या दगडांच्या लांब भिंती आणि पांढरे स्तूप लागत. ते नेहमीं उजव्या हातास ठेवून जावयाचें. हा प्रदक्षिणेचा नियम सौ.ना सांगावा लागला नाहीं. त्यांचीं पावलें आपोआप त्याच बाजूनें वळलीं. मुक्काम गांवकऱ्यांच्या घरींच. पाहुण्यासाठीं एक खोली, जमिनीवर गाद्या, आणि घरांत शिजेल तें जेवण. ह्याला तिकडेहि आतां होमस्टेच म्हणतात.

हेमिस शुक्पाचनला पोंचलों तो दिवस १७ जुलै, आषाढी एकादशी. गांवाच्या नांवांतील शुक्पा म्हणजे त्यांचें पवित्र झाड, ज्युनिपर. त्याची एक जुनी राई गांवाजवळ आहे. घरच्या सूनबाईंस आम्हीं उपवासाचें सांगितलें तेव्हां त्यांस मुळींच नवल वाटलें नाहीं. त्यांच्या धर्मांतहि उपवास आहेत. त्यांनीं उकडलेले बटाटे, दूध आणि वाळलेले जर्दाळू आणून ठेविले. लोण्यामिठाचा चहा मात्र सौ.नीं हात जोडून परत केला, आणि त्यावर दोघी पोटभर हंसल्या.

स्वयंपाकघर हीच त्या घरांतील सर्वांत मोठी खोली. मध्यें लोखंडी चूल, भिंतीवर तांब्यापितळेच्या भांड्यांच्या घांसून लख्ख केलेल्या ओळी. कमरेला किल्ल्या सूनबाईंच्या. वरच्या देवघरांत सात वाट्या पाण्याच्या. त्या सकाळीं भरावयाच्या आणि संध्याकाळीं रित्या करावयाच्या, तें कामहि त्यांचेंच. सासूबाई कोठें दिसेनात. आम्ही मनांत म्हटलें, गेल्या असतील बिचाऱ्या.

दुपारीं आम्ही शेताकडे गेलों. तेथें पाऊस नाहीं म्हणण्याइतकाच. सारी शेती वरून वितळून येणाऱ्या पाण्यावर. तें पाणी पाळीनें मिळतें, आणि पाळ्यांवर देखरेख ठेवण्यास गांव आपल्यांतलाच एक माणूस नेमतें. जवाच्या शेतांत एक म्हातारा पाणी देत होता. हातांत फावडें, पाय चिखलांत. त्याचे दोन वाफे अजून कोरडे होते. त्यानें समोरच्या डोंगराच्या सांवलीकडे एकवार पाहिलें, पायानें एक मोठें ढेंकूळ लोटून स्वतःच्या शेताचें तोंड बंद केलें, आणि शेजारच्या पाटावरचा दगड काढला. पाणी तिकडे वळलें. शेजारच्या शेतांत माणूस नव्हतें. आमच्याशिवाय पाहणारेंहि कोणी नव्हतें. ज्या शहरांत नळाला पाणी येण्याची वाट दिवसचे दिवस पाहावी लागते आणि आलेलें पाणी शेजाऱ्याआधीं ओढून घेण्यासाठीं मोटर लावली जाते, त्या शहरांतून आलेलीं आम्ही दोघें तेथेंच उभीं राहिलों.

संध्याकाळीं तोच म्हातारा आमच्या मुक्कामाच्या घरीं आला, मागून त्याची म्हातारी. घरांतलीं सर्व माणसें सरकलीं आणि चुलीजवळची सर्वांत वरची बैठक त्यांस मिळाली. पहिला पेलाहि त्यांसच. हे घरधन्याचे आईबाप! मग हे राहतात कोठें? घरधनी हिंदी चांगलें बोले. त्यानें खिडकींतून पन्नास पावलांवरचें एक बैठें घर दाखविलें. त्यांच्या चालीप्रमाणें थोरल्या मुलाचें लग्न होऊन तो संसाराला लागला कीं आईबाप मोठें घर त्याच्या हवालीं करून लहान घरांत जातात. मोठ्या घरास खांगछेन म्हणतात, लहानास खांगबू. आईबाप हात हालवीत मात्र जात नाहींत. स्वतःपुरतें शेत आणि गाय बरोबर नेतात. लेहसारख्या ठिकाणीं ही चाल आतां पुष्कळ घरांत मोडली आहे, आणि जेथें मुलगा वाईट निघेल तेथें ती म्हाताऱ्यांस जड जात असेल, हेंहि उघड आहे.

सौ.नीं त्या म्हातारीला मुलाकरवीं विचारविलें, ‘किल्ल्या देतांना वाईट नाहीं वाटलें?’

म्हातारी बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग तिनें सांगितलें तें असें: सहा महिने वाईट वाटलें. सून दुधाचें भांडें उन्हांत ठेवी, तें पाहवत नसे, म्हणून ती इकडे येईनाशी झाली. मग नातू झाला. तो तिला बोलवावयास येऊं लागला. आतां ती येते तेव्हां तिला चहा मिळतो. पूर्वीं तिला सर्वांचा चहा करावा लागे.

रात्रीं दोघांसहि झोंप नव्हती. सौ. अंधारांत म्हणाल्या, ‘पुंडलिकाच्या आईबापांविषयीं आपण कधीं कांहीं ऐकलें आहे का हो? तो सेवा करी, एवढेंच ऐकलें.’ आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. वानप्रस्थाश्रमावर आम्हीं व्याख्यानें ऐकलीं आहेत, एक दिलेंहि आहे. परंतु तो आश्रम पन्नास पावलांवर असूं शकतो आणि तेथून रोज संध्याकाळीं चहाला येतां येतें, हें आम्हांस कोणी सांगितलें नव्हतें. पहांटे आम्हीं थोरल्याची चिठ्ठी काढून पुन्हां वाचली. ह्या वेळीं ती निराळी वाटली.

दुसऱ्या दिवशीं शेवटची खिंड ओलांडून आम्ही तेमिसगामला उतरलों. १६८४ सालीं लडाख आणि तिबेट यांच्यांत तह झाला तो ह्याच गांवीं. तेथून मोटारीनें लेह, आणि आठ दिवसांनीं घर.

परतल्यावर एका रविवारीं नातीला घेऊन आम्ही शहरामागचीं लेणीं पुन्हां पाहिलीं. ३ ऱ्या लेण्यांत बुद्धासमोर दोहों बाजूंस हात जोडून गुडघ्यांवर बसलेल्या स्त्रीपुरुषांच्या मूर्ति आहेत. अंगावर दागिने, केसांची नीट रचना. हे भिक्षू नव्हेत, आमच्यासारखे संसारी लोक आहेत. नातीनें विचारलें, ‘आजोबा, हे काय मागताहेत?’ आम्हीं म्हटलें, ‘मागत नसतीलहि. कांहीं देऊन बसले असतील.’

त्याच आठवड्यांत सौ.नीं कमरेच्या किल्ल्या काढून कणीक मळीत बसलेल्या थोरल्या सूनबाईंपुढें ठेविल्या. सूनबाई गोंधळल्या. ‘आई, मीं कधीं मागितल्या होत्या का?’ ‘नाहीं मागितल्यास, म्हणूनच,’ असें म्हणून सौ. मागच्या खोलींत निघून आल्या आणि बराच वेळ रडल्या. आम्ही उभयतां आतां घराच्या मागील दोन खोल्यांत राहतों. पेन्शन आणि घराचे कागद आम्हीं आमच्यापाशीं ठेविले आहेत, त्या म्हाताऱ्याच्या शेतासारखे. पण घर कसें चालावें आणि कसें वाढावें हें आतां आमच्याकडे नाहीं.

तें सोपें गेलें असें कोणी समजूं नये. स्वयंपाकघराची भिंत पडत होती त्या दिवशीं आम्ही कान झांकून ग्रंथालयांत जाऊन बसलों. मसाल्याचा डबा आतां डावीकडे असतो आणि सौ.चा हात अजून उजवीकडे जातो. परंतु एके संध्याकाळीं थोरला नकाशा घेऊन आमच्या खोलींत आला, खालीं बसला आणि म्हणाला, ‘बाबा, जिना पश्चिमेकडून घेऊं कीं पूर्वेकडून?’ दोन वर्षांनीं तो प्रश्न घरांत परत आला होता. आम्हीं पश्चिमेचा पक्ष घेऊन अर्धा तास बोललों. त्यानें सर्व ऐकून घेतलें, सौ.नीं केलेला चहा घेतला, आणि जिना पूर्वेकडून बांधला. चांगला झाला आहे.